यारेलीच्या पावलाचं माप

प्रिय कोरिन,

'प्रिय' लिहिताना दातओठ खातोय, पण पत्राची सुरुवात शिवीनं करू नये, असं आईनं शिकवलंय. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद.

गेल्या आठवड्यात आमची टोळी तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं छप्पर दुरुस्त करत होती. पाणी प्यायला खाली उतरलो, तर दारातच भलंमोठं पोस्टर. तू आणि माझी बहीण यारेली, एका वहीवर डोकी टेकवून. खाली छापलंय, 'एकत्र शिकूया.' माझ्यासोबतचा चुको म्हणाला, "अरे एलिसेओ, ही तर तुझी गोरी! भिंतीवर बरी सापडते रे, चर्चच्या तळघरात आमच्या पोरांना शिकवायला नाही सापडत." सगळे खिदळले. मी हातोडा आपटला आणि परत वर चढलो. डिसेंबरात तुमचे विद्यापीठानं लावलेले समाजसेवेचे तास भरले, मार्क मिळाले, विषय संपला! तुझ्या जागी आलेल्या मुलानं यारेलीला नाव विचारलं, तर ती म्हणाली, "तुमच्या पोस्टरवर बघ."

तळघरातल्या बाकीच्या पोरांना सवय झालीय. दर सहामाहीला नवी ताई, नवा दादा. कोण किती टिकेल यावर ती चॉकलेटच्या पैजा लावतात. तुझ्यावर यारेलीनं पैज लावू दिली नाही. कारण तू तिला 'हो' म्हणाली होतीस.

आठवतं? आमच्या स्वयंपाकघरात आई मक्याच्या पानांत तमाले बांधत होती. यारेलीनं चाचरत विचारलं, "माझ्या पंधराव्या वाढदिवसाला माझी मद्रीना होशील? बुटांची?" तुला वाटलं, पोरीचा लाड. "अगं, आनंदानं!" म्हणालीस, आणि अपूर्णांकांच्या कागदावर तिचं पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवलीस. तिला गुदगुल्या होत होत्या. "हलू नकोस गं, माकडे," म्हणत तूच जास्त हसत होतीस. मी दाराला टेकून बघत होतो. तिथून पुढं माझं काय झालं ते तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते हे, की आमच्यात मद्रीना म्हणजे पाहुणी नव्हे, पोरीची दुसरी आई. तिच्या आयुष्यातले पहिले उंच टाचेचे बूट मद्रीनानं उशीवर ठेवून सगळ्यांसमोर आणायचे, मग बापानं गुडघ्यावर बसून ते पोरीच्या पायात घालायचे. तू 'हो' म्हणालीस तेव्हापासून आई देवापुढं घरच्यांच्या नावांत तुझंही नाव घेते. अजूनही घेते, आणि मला ते ऐकवत नाही.

चायो मावशी रोज टोमणे मारते, "येतेय तुमची विद्यापीठवाली! झाडाला बटाटे लागले की येईल. पोरी, हट्ट सोड, बूट मी आणते." यारेलीचं एकच उत्तर, "माझं माप तिच्याकडे आहे."

नोव्हेंबरात विद्यापीठाच्या गाड्यांच्या तळावर मी मनातलं जे बोललो, त्याला तू 'नाही' म्हणालीस. ठीक. तुझा हक्क. वर्गात तुझ्या शेजारच्या बाकावर बसवेना, म्हणून मी विद्यापीठ सोडलं. घरी सांगितलं, गणित जमत नाही. तेही माझं मी निस्तरीन. पण मला टाळायचं म्हणून तू तिलाही टाळलंस! रेल्वेचे रूळ ओलांडले की आमची गल्ली, कोरिन. समुद्र नाही आडवा. नकार मला होता ना? मग शिक्षा तिला कशाची?

येत्या शनिवारी सोहळा आहे. बाबांचा गुडघा धरतो, तरी ते कोंबड्या कापायच्या कारखान्यातून कामावरून आले की खाली बसायचा सराव करतात. आज सकाळी यारेली कोरा कागद घेऊन माझ्यापुढं आली. "दादा, पेन्सिल फिरव." मी फिरवली. गुदगुल्या झाल्याच असणार, पण हसली नाही. म्हणाली, "पाय वाढलाय. तिला कळव, नाहीतर बिचारी लहान बूट घेऊन येईल." बिचारी म्हणाली तुला! म्हणून हे पत्र. कागद सोबत जोडलाय. मी दिसायला नको असेन, तर दिसणार नाही. बाहेर गाड्या लावून देत उभा राहीन, तुझ्याकडे पाठ करून. आणि यायचंच नसेल, तर हे माप टपालानं परत पाठवू नकोस. रूळ ओलांडून ये आणि तिच्या हातात दे.

तुझाच (खोडायचं तर तूच खोड),
एलिसेओ