चॅपलपुढचा पालथा दगड

आई, हॉस्पिटलातल्या चॅपलच्या दारासमोरचा तुझा दगड अजून तिथेच आहे. गेल्या आठवड्यापर्यंत तो राहील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून हे आधी सांगते.

हॉस्पिटलच्या स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. वर्तमानपत्रात जन्म काढलेल्या बाईकडे असली कामं येतातच, आणि तीही शुक्रवारच्या आत हवी असतात. जुने कागद वाचले. आरंभी एकच कौलारू खोली होती. सकाळी सिस्टर तिथे प्रार्थना म्हणायच्या आणि मग त्याच बाकांवर किन्हवलीकडची, टोकावड्याकडची माणसं पाय सोडून बसायची, पट्ट्या बांधून घ्यायची. चॅपल वेगळं झालं ते पुष्कळ नंतर. विहीर, ऑपरेशनची खोली, चॅपलच्या रंगीत काचा, सगळ्यांची नोंद आहे. स्वयंपाकघराची नाही.

ते माझ्यापाशी आहे. शाळा सुटली की सापगावला घरी न जाता मी तिथे तुझ्या कामावर येते. तू परातीत तांदळाची उकड मळत असतेस. तुझं उरकेपर्यंत मी चॅपलच्या गार फरशीवर पडून राहते. काचेतून आलेला निळा डाग फरशीवरून सरकत सरकत माझ्या गुडघ्यावर चढतो. फिनेल, मेणबत्ती आणि तुझी आमटी यांचा मिळून एक वास येतो. तो पुढे मला कुठेच आला नाही. तिथे पडल्या पडल्या मला वाटायचं, आजारी माणसं त्या निळ्या उजेडानंच बरी होत असणार.

तशाच एका दुपारी बाहेर आवाज चढला. डोंगराकडच्या पाड्यावरचा एक माणूस नारळ घेऊन आला होता. त्याच्या बायकोला साप चावला होता आणि ती वाचली होती. त्याच्यासारखे बरेच यायचे आणि चॅपलच्या पायरीवर नारळ फोडून जायचे. पायरीच्या कडेचे टवके उडाले होते. मोठ्या सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. "इथे नारळ फोडत नाहीत."

"मंग कुठं फोडू?" तो म्हणाला. "बायको माजी इथं वाचली. नारळ घरी नेऊन फोडू?"

तो नारळ छातीशी धरून उभाच राहिला. शेवटी तू पदराला हात पुसत गेलीस आणि म्हणालीस, "उद्या या, दादा. उद्या जागा असंल."

त्या वर्षी स्वयंपाकघरात मिक्सर आला होता, पाटा कोपऱ्यात उभा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तू मलाही बरोबर आणलंस. तू आणि वॉर्डातल्या मावशींनी तो गोणपाटावर घालून ओढत नेला आणि पायरीपासून दोन हातांवर पालथा टाकला. घासून खळगा पडलेली बाजू खाली, खडबडीत बाजू वर. "असाच बरा," तू म्हणालीस. "कुनी मसाला वाटायला नाय बसनार." मावशी हसून खाली बसल्या.

सकाळी सिस्टरनी आधी मलाच गाठलं. "हा दगड कोणी ठेवला?" मी म्हणाले, माहीत नाही. तू स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडलीस, "मी ठेवला, सिस्टर. तुमची पायरी वाचली, त्येचा नारळ पन फुटंल." सिस्टर दगडाला वळसा घालून आत गेल्या. मला वाटलं, तुझं काम गेलं. दुपारी त्याच आल्या. पांढऱ्या एप्रनच्या ओच्यात त्या माणसानं फोडलेल्या नारळाच्या दोन वाट्या होत्या. "आमटीत घाला," एवढंच म्हणाल्या. त्यातला एक तुकडा तू माझ्या हातावर ठेवलास आणि वर बोललीस, "खोटं कशाला बोललीस गो? विचारलं तर खरं सांगायचं. नाय विचारलं तर आपली भाकरी थापायची."

आता त्या दगडावर चुन्याचे थरावर थर बसलेत. कुणीतरी त्यावर क्रूस रंगवलाय. नारळ अजून फुटतात. तुझ्या वेळचं तिथे कुणी उरलेलं नाही. गेल्या आठवड्यात हल्लीच्या सिस्टरचा फोन आला. तरुण आहेत, घाईत बोलतात.

"मॅडम, व्हीलचेअरसाठी रॅम्प करतोय. तो दगड मध्ये येतो. लोक म्हणतात, पहिल्या सिस्टरनी बसवलाय. तसं असेल तर रॅम्प बाजूने घेऊ. नाहीतर उद्या उचलून टाकतील. तुम्ही इतिहास बघितलाय, खरं काय?"

पाटा म्हटलं असतं तर त्या हसल्या असत्या. कदाचित स्वयंपाकघराच्या मागे कुठेतरी ठेवलाही असता.

मी म्हणाले, "हो. पहिल्या सिस्टरनीच." स्मरणिकेतही तसंच छापून येईल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका काढल्या आणि ही एक स्वतःच्या हातानं घातली. रॅम्प आता बाजूने वळतोय.

दगड वाचावा म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगत होते. पण तेही पुरतं खरं नाही. दगड उचलला असता तर खालचा खळगा उजेडात आला असता. तो तुझ्या हातांनी पडलेला आहे, आणि चार गवंड्यांनी त्याच्याभोवती उभं राहून तो बघावा हे मला नको होतं. तो तसाच पालथा, माझ्याकडे राहावा असं वाटलं.

आणि आई, या वेळीही मला विचारलं होतं.