घड्याळजींनी सोडवलेला खेकडा

दि. ३ मार्च

चि. सौ. वन्संस थोरल्या वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचे जबडे धरून तुम्हाला चार ओळी लिहायला उसंत मिळते आणि मला घरात बसून मिळत नाही, हा टोमणाही पोचला. इथे काय चाललंय ते वाचा, म्हणजे तो आपण होऊन परत घ्याल.

तुमचे दोन्ही भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच दुकानात, चार पावलांच्या अंतरावर बसून घड्याळं दुरुस्त करतात आणि निरोप गिऱ्हाइकाच्या तोंडून पाठवतात. परवा एका बाईंनी घाबरून विचारलं, की हे दुकान एकच आहे ना. कारण तुम्हाला ठाऊक आहे. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात भाऊजींनी यांचं कामाचं टेबल दर्शनी काचेजवळून उचललं आणि आत भिंतीशी नेऊन ठेवलं. हे दुकानात गेले, बघितलं आणि तोंडाला कुलूप लावलं. मला म्हणाले, धाकट्यानं मला अडगळीत टाकलं. भाऊजींना विचारावं तर ते म्हणतात, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून हलवलं. हे मी यांना सांगितलं, तर म्हणाले, त्याला स्वतःचं तोंड नाही का. आता बोला!

खरी बातमी पुढेच आहे. भाऊजींनी दुसऱ्या गावी एका मोठ्या घड्याळ कंपनीत नोकरी धरली. महिनाअखेर बायकोसह निघणार. जाऊबाई खोकी बांधताना माझ्याकडे बघत नाही, मी तिच्याकडे बघत नाही, आणि दोघी आपापल्या खोलीत जाऊन नाक पुसून येतो. तीस वर्षं एकाच टेबलावर शिकलेले हात असे वेगळे होताना बघवत नाही हो मला. गेले की गेलेच. यांचा स्वभाव मागून हाक मारण्याचा नाही, आणि भाऊजींचा हाकेशिवाय वळण्याचा नाही.

निदान जाण्याआधी एकदा सगळ्यांनी एकत्र जेवावं एवढीच इच्छा आहे. पण घरात एक ताटावर बसला की दुसऱ्याला नेमकी भूक नसते. तुम्हीच काही सुचवा.

माया आटू देऊ नये. टोमणे थोडे आटले तरी चालतील.

तुमची,
थोरली वहिनी

*

दि. ९ मार्च

ती. वहिनीस शि. सा. नमस्कार.

पत्र दवाखान्यात वाचलं आणि डॉक्टरांच्या हातात भलताच चिमटा दिला. पेशंट वाचला, काळजी नसावी.

घरच्या टेबलाला चार कोपरे आहेत, घोडं तिथेच पेंड खातंय. प्रत्येकाला रुसायला आपापला कोपरा मिळतो. आमच्या दवाखान्यामागच्या गल्लीत एक चिनी खानावळ आहे, फक्त मासे, कोळंबी, शिंपल्या असलं विकणारी. बसायला प्लॅस्टिकची स्टुलं, टेबलावर फेकून द्यायचा पातळ कागद, दारात काचेच्या टाकीत फिरणारे मासे. दवाखान्यातल्या आम्ही चौघी दर शुक्रवारी तिथे जातो. तिथली टेबलं गोल असतात आणि मधोमध फिरती काच असते. सगळी भांडी त्या काचेवर. हवं ते कुणाकडे मागायचं नाही, काच फिरवायची. मागे आमच्यातल्या दोघींचं सुट्टीवरून वाजलं होतं. पण लसणातली कोळंबी आपल्यापुढे आणायची तर ती दुसरीच्या नाकाखालून आणावी लागते, आणि नाकाखालून नेली की निदान थांबून तिला घे म्हणावं लागतं. सूप येईपर्यंत भांडण संपलं होतं.

तुमच्या वळणावर तसलीच खानावळ उघडल्याचं तूच लिहिलं होतंस ना? सगळ्यांना तिथे घेऊन जा. आणि ऐक, खेकडा माग. अख्खा. कोपरापर्यंत रस ओघळत असताना कुणालाच ऐटीत बसता येत नाही.

कारण काय सांगायचं म्हणशील, तर तुझा वाढदिवस आहे म्हणून सांग. नसला म्हणून काय झालं, दादाला थोडाच आठवणार आहे?

मला तिथे असायला हवं होतं गं. भाऊ गेला तर मी माहेरी नेमकी कुणाकडे येऊ? मग दोन घरं, दोन पाहुणचार, आणि दोन्हीकडे दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. नको मला ते.

पाठीवर हात असू दे, आणि सगळं सविस्तर लिही.

तुझी,
वन्सं

*

दि. २० मार्च

चि. सौ. वन्संस अनेक आशीर्वाद.

आधी तुमच्या युक्तीबद्दल. हे खरंच फसले! वरून माझ्या घड्याळाला नवा पट्टा आणून दिला आणि दरवर्षी विसरतो म्हणून दिलगिरीही व्यक्त केली. हसावं की रडावं ते मला कळेना. पट्टा छान आहे, परत करणार नाही.

खानावळ तुम्ही लिहिलंत तश्शीच. मालकीणबाई आधी जाळीत तडफडणारा जिवंत मासा आणून दाखवतात आणि पसंत का विचारतात. मी माझ्या लग्नातसुद्धा इतकी पटकन मान हलवली नव्हती. तोच मासा थोड्या वेळानं आल्याचे काप आणि कांद्याची पात अंगावर घेऊन वाफाळत आला. इतका मऊ की काडीनंही तुटावा. पण जेवायला दिलेल्या त्या काड्या आम्हा कुणालाच धरता येईनात. जाऊबाईची कोळंबी उडून शेजारच्या टेबलावर गेली, तर त्या माणसानं ती उचलून, नमस्कार करून खाल्ली.

तुमचे भाऊ बरोबर समोरासमोर बसलेले. यांनी कोळंबीसाठी काच डावीकडे ढकलली, त्याच वेळी भाऊजींनी शिंपल्यांसाठी उजवीकडे. काच मधल्या मध्ये थरथरली आणि जागची हलली नाही. दोघांनी एकदम हात काढले. मी मनात म्हटलं, झालं, इथेही तेच.

मग खेकडा आला. ताटाएवढा, आणि कवच म्हणजे दगड. अडकित्त्यासारखं एक हत्यार दिलं होतं, ते भाऊजींच्या हातात मोडलं. नांग्या दाताखाली फुटेनात. यांनी थोडा वेळ बघितलं आणि शर्टाच्या खिशातून काय काढावं? दुकानातला चिमटा आणि डोळ्याचं भिंग! गरम चहात चिमटा धुतला, भिंग डोळ्याला लावलं आणि खेकड्याकडे असे बघू लागले, की जणू तो बंद पडला आहे आणि उद्यापर्यंत चालू करून द्यायचा आहे. सगळी खानावळ माना वळवून बघायला लागली. मला स्टुलाखाली शिरावंसं वाटलं.

आणि तेवढ्यात यांनी न बघता डावा हात बाजूला पसरला. दुकानात पसरतात तसा. यांनी उघडायचं आणि शेजारच्यानं धरायचं, हा त्यांचा रिवाज. आपण कुठे आहोत हे विसरलेच की ते! शेजारी मी होते, मला काय धरायचं ते कळेना. भाऊजी समोरून उठले, वळसा घालून आले, मला कोपरानं सरकवलं आणि खेकड्याचा पाय दोन बोटांत तिरका धरला. यांनी चिमटा घातला. आतला गर अख्खाच्या अख्खा बाहेर आला. हे म्हणाले, सोड. भाऊजींनी विचारलं, आता नांगी का. हे म्हणाले, नांगी शेवटी, आधी सांधे. एवढं बोलणं झालं, वन्सं, आणि मला समोरचं सूप धूसर दिसायला लागलं.

मग काय विचारता! सगळा खेकडा सोडवला. कवचाचे तुकडे लहान-मोठे क्रमानं कागदावर मांडले, परत जोडायचा असल्यासारखे. शेजारच्या टेबलानं आपलाही खेकडा आणून पुढे ठेवला. मालकीणबाई टाळ्या वाजवत होत्या. जाऊबाई आणि मी एकाच ताटातून गर खात होतो आणि दोघींनाही नाक पुसायची शुद्ध नव्हती.

पण घरी येईपर्यंत बोलणं झालं ते खेकड्याचंच. नोकरीचं कुणीच काढलं नाही. खोकी तशीच बांधलेली आहेत. आनंदाचं पत्र लिहितेय, पण मधूनच उठून ती मोजून येते.

आहे तेवढी ओढ राहू द्यावी, आणि देवाजवळ एक शब्द टाकावा.

तुमची,
पट्टा मिळालेली वहिनी

*

दि. २२ मार्च

आमच्या बडबड्या बहिणीस, चि. टिकटिक हिस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीनं सगळं लिहिलं असेलच. जे तिला ठाऊक नव्हतं ते मी लिहितो. तिला आजच सकाळी सांगितलं. आधी रडली, मग तुझ्यासारखी बोलत सुटली.

वर्षभर माझा उजवा हात थरथरतो. डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधीपासून. मी कुणाला कळू दिलं नाही. घड्याळजीचा हात थरथरतो म्हटल्यावर त्याच्याकडे घड्याळ कोण देईल? टेबल भिंतीशी गेलेलं बघितलं, तेव्हा मला वाटलं, यानं ओळखलं आणि मला लपवून ठेवलं. राग त्याचा नव्हता गं, भीती होती. पण भीतीला राग म्हटलं की बरं वाटतं.

त्या दिवशी खेकड्याचा पाय त्यानं धरला, तेव्हा करंगळी माझ्या मनगटाखाली टेकवली. हलकेच, कुणाला दिसणार नाही अशी. माझा हात थरथरला नाही. शेवटच्या नांगीपर्यंत नाही. इतक्या सहजपणे टेकवली, की हे तो आज पहिल्यांदा करत नाहीये हे माझ्या लक्षात आलं. दुकानातही करत आला असणार, मीच बघितलं नाही.

काल दुकान उघडायच्या आधी मी त्याला विचारलं. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. उन्हाचं निमित्त होतं. माझ्या हाताकडे बघून कुणी गिऱ्हाइकानं ब्र काढू नये म्हणून त्यानं टेबल आत नेलं होतं. मग मी जवळ बसू देईनासा झालो, आणि मनगटाला टेकू देता येत नसेल तर इथे राहून काय करू, असं त्याला वाटलं. एवढं बोलून तो वेड्यासारखा माझं भिंग पुसत बसला.

जाऊ नकोस, असं मी जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. त्याला म्हटलं.

त्यानं नोकरीला नकार कळवला आहे. खोकी सोडण्याचं काम दोघी जावांनी इतक्या हौसेनं केलं, की दोन कपबश्या फुटल्या. माझं टेबल आम्ही दोघांनी मिळून पुन्हा पुढे काचेशी आणलं, त्याच्या टेबलाला चिकटून. रस्त्यानं जाणारे बघतात. बघू देत. शनिवारी सगळे परत खेकडा खायला जाणार आहोत. मालकीणबाईंनी भिंतीवरचं बंद घड्याळ आमच्यासाठी काढून ठेवलं आहे, म्हणजे जेवण व्हायला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. तू ये. तुझ्या मैत्रिणींनाही आण.

हे पत्र मी एकट्यानं लिहिलं, तेव्हा अक्षराला हसू नकोस. सहीपुरतं त्यानं मनगट धरलं आहे, म्हणून ती तेवढी सरळ आली.

तुझे,
दादा आणि भाऊ