वाटेत एजिना लागतं

३ जुलै, बुधवार

डॉक्टरांनी तारीख दिली. ११ सप्टेंबर. आईच्या हृदयाची झडप बदलायची. आदल्या दिवशी दाखल व्हायचं. "ब्याऐंशीव्या वर्षी धोका आहेच," म्हणाले, "पण केलं नाही तर हिवाळा निघेल असं मी सांगू शकत नाही." आई टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या हृदयाकडे बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "माणूस बरा आहे. पण शर्टाला इस्त्री नव्हती."

बसमध्ये मात्र एकदम, खिडकीबाहेर बघत — "एवांथिया, मला एकदा सहलीला जायचंय. बेटांवर. लोक जातात तसं."

आई आणि सहल! बाबा होते तेव्हा बाहेर जायचं म्हटलं की हिचं डोकं दुखायचं. मी काही विचारलं नाही. कुठल्या बेटावर जायचंय ते कळलं.

५ जुलै

इथे तरी सरळ लिहावं. आईला पांदेलिसला बघायचंय. ऑपरेशनच्या आधी. आणि ते ती मेली तरी तोंडाने म्हणणार नाही.

पांदेलिस, माझा धाकटा भाऊ, एजिनाला राहतो. पिरेअस बंदरातून बोटीत बसलं की कॉफी संपेपर्यंत एजिना. तरी अकरा वर्षं आमच्यात समुद्र आहे. त्याला मुलगी झाली. पहिली मुलगी — तिला वडिलांच्या आईचं नाव द्यायचं, ही काय सांगायची गोष्ट झाली? आमच्यात घरोघरी असंच करतात. आईने चांदीच्या चमच्यावर 'काल्लिरोई' कोरून घेतलं होतं. आणि बाप्तिस्म्याला पाद्री विचारतात, बाळाचं नाव? — तर "नेफेली"! भर चर्चमध्ये आई उठली, हातातली मेणबत्ती विझवली आणि चालती झाली. मी तिच्या मागे. जेवणही तिथेच राहिलं.

"ढग! माझ्या नातीचं नाव ढग!" हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकते आहे. पांदेलिस निरोप पाठवून म्हणाला होता, "नाव मुलीचं आहे, आईचं नाही." तो तिकडे हट्टी, ही इकडे. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा!

८ जुलै

आईला सरळ म्हटलं, "शनिवारच्या बोटीने एजिनाला जाऊ या का?"

"कशाला? तिथे माझं कोण आहे?"

मग जेवण झाल्यावर, भांडी पुसता पुसता, "ती तीन बेटांची सहल असते ना... ते जहाज मध्ये कुठेही थांबतं. वाटेत एजिना लागलं तर आपण काय करणार? जहाज थोडंच आपलं आहे?"

वा! म्हणजे आई मुलाच्या दारी जाणार नाही. जहाज तिला नेऊन सोडणार.

९ जुलै

दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवत होते आणि डोक्यात कॅलेंडर. २७ जुलै — संत पांदेलेइमोन. पांदेलिसचा नामदिन, त्याच्या नावाच्या संताचा सण! त्या दिवशी घर उघडं. आमंत्रण नसतं, कोणी विचारत नाही. जो येईल त्याला बसायला खुर्ची, बशीत मुरांबा, थंड पाणी. शत्रूलाही परत पाठवत नाहीत. बाबांच्या नामदिनाला तो भाडं बुडवलेला माणूस केक घेऊन आला होता, आणि बाबांनी त्याला चक्क कॉनिॲक दिली!

त्या दिवशी पांदेलिस दार लावू शकणार नाही. ठरलं. २७ लाच.

११ जुलै

चष्म्याच्या दुकानापलीकडे मेनेलाओसचं सहलींचं दुकान. काय काय आहे ते विचारायला गेले. तो हसायलाच लागला.

"एवांथियाबाई, अथेन्सचा माणूस असल्या सहली घेतो होय? ही परदेशी पाहुण्यांची चैन. बुफे, बुझुकीचं संगीत, डेकवर नाच! तुम्हाला एजिनाला जायचं ना? साधी बोट धरा की."

"मला एजिनाला जायचं नाही. मला सहलीला जायचंय."

त्याने माझ्याकडे असं बघितलं — मीच चष्मा लावायला हवा होता त्याला.

मग त्याने कागद पसरले. एक लहान शिडाची बोट, बारा माणसं, मध्ये समुद्रात पोहणं. आई आणि पोहणं! एक जलद बोट, फक्त इद्रा. त्यात एजिनाच नाही. मोठी जहाजं दोन. दोन्हींत इद्रा, पोरोस, एजिना, पण एकाचं एजिना सकाळी पहिलं आणि दुसऱ्याचं संध्याकाळी शेवटचं.

सकाळचं घेतलं आणि दारात अपमान झाला, तर पुढचा अख्खा दिवस डेकवर नाच बघत काढायचा. संध्याकाळचं घेतलं तर दिवसभर घड्याळ बघायचं. शिवाय एजिनाला थांबा तसा लहानच. लोकांना तेवढ्यात डोंगरावरच्या प्राचीन देवळाला नेऊन आणतात. पण संध्याकाळीच नामदिनाची माणसं येतात. आणि रडायचंच झालं तर परतीच्या वाटेवर रडता येईल.

संध्याकाळचं.

१२ जुलै

खालच्या मजल्यावरच्या झाम्पेताबाईंनी जिन्यात गाठलं. "चर्चची सहल आहे हो एकवीसला! एजिनाच्या मठात. पूर्ण दिवस! काल्लिरोईला घेऊन ये, आम्ही सगळ्या बायका आहोत, सांभाळू."

आईला सांगितलं. फुगलीच. "ती सहल फक्त एजिनाची. म्हणजे मी एजिनालाच गेले असं होईल. आणि झाम्पेता तोंडात तीळ भिजू देणार आहे का? अख्ख्या चर्चला कळेल, काल्लिरोई मुलाच्या दारात उभी होती म्हणून."

खरं तर हीच सोयीची होती. सबंध दिवस मिळाला असता. पण मलाही ती नकोच होती. एकवीसला नामदिन नाही. आणि लांब दिवसाची मला भीती वाटते. दार उघडलंच नाही तर तो दिवस कुठे घालवायचा? जहाजाचा भोंगा झाला की उठता येतं, हे मला बरं वाटतं. मी भित्री आहे.

मेनेलाओसकडे दोन तिकिटं काढली.

१९ जुलै

उकाडा. आईने निळा पोशाख काढून उन्हात टाकला आहे. "सहलीला काळं घालून कोण जातं?" बाबा गेल्यापासून काळ्याशिवाय काही घातलं नव्हतं.

२४ जुलै

ऑपरेशनचं पांदेलिसला सांगू का, विचारलं. तिने कात्री खाली ठेवली. "सांगितलंस तर मी जहाजावर चढणार नाही. आजारी म्हातारीला कोणीही दार उघडतं. मला तसं नकोय."

"मग कसं हवंय?"

तिने कात्री परत उचलली. शेंगा निवडत राहिली.

२७ जुलै, शनिवार

आत्ता घरी आलो. आई अंघोळीला गेली आहे. तेवढ्यात लिहून ठेवते.

सकाळी धक्क्यावर एका मुलीने सगळ्यांच्या छातीवर निळी गोल चिकटपट्टी लावली. सहलीची खूण, कोणी हरवू नये म्हणून. आईच्या निळ्या पोशाखावर निळी पट्टी! "छान दिसतेय की," आई म्हणाली. खूश होती. इद्राला उतरलीच नाही. पोरोसला लिंबाचं सरबत प्यायली. डेकवर एक जर्मन आजोबा नाचायला बोलवायला आले तर चक्क लाजली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

एजिना. सगळे देवळाच्या बसकडे गेले. आम्ही मागे राहिलो. मिठाईचा खोका माझ्या हातात. आई म्हणाली, "जरा पाय मोकळे करू." पाय मोकळे करत करत बंदरामागच्या गल्लीत, दोनदा वळून, बरोब्बर त्याच्या दाराशी! पत्ता मीही विसरले होते. तिला पाठ होता.

दार उघडंच. आत माणसं, हसणं, पेल्यांचा आवाज. पांदेलिस उठून आला. केस पांढरे झालेत. बाबांसारखा दिसायला लागलाय, अगदी उभा राहतोसुद्धा तसाच. क्षणभर त्याचा चेहरा... काय झालं ते मला सांगता येणार नाही. तो एक पाऊल पुढे आला. मग त्याची नजर खाली गेली, आणि चेहरा बंद झाला.

"या," म्हणाला. "बसा."

"उदंड आयुष्य लाभो तुला," आई म्हणाली.

"आभारी आहे. आपण एवढ्या लांब आलात."

आपण! स्वतःच्या आईला! पाहुण्यांना म्हणतो तसं.

आईला खिडकीजवळची चांगली खुर्ची दिली. उरानिया, त्याची बायको, ओठ मिटून आमच्यापुढे पाणी ठेवून गेली. मुलीने तबक आणलं — पिस्त्यांचा मुरांबा. नेफेली. लांब हात, बाबांच्या भुवया. आई तिच्याकडे बघतच राहिली. चमचा तसाच हातात.

"तू नेफेली ना?"

"हो. तुम्ही जहाजावरच्या का? आमच्याकडे कधीच कोणी जहाजावरचं येत नाही!"

कोणीतरी हसलं. आईही हसली. "हो गं बाई. जहाजावरच्या."

शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ मला एजिनातल्या पाण्याच्या टंचाईबद्दल सांगत होते. पांदेलिस सगळ्यांचे पेले भरत फिरला. आमचाही भरला. काही कमी पडू दिलं नाही. कोणी म्हणू शकणार नाही की आमचा अपमान झाला. तेच मला सहन होईना! मी स्वयंपाकघरात त्याच्या मागे गेले. ओठावर आलं होतं — ११ सप्टेंबर. पण आईने बजावलेलं. मी म्हटलं, "बरा आहेस ना?" तो म्हणाला, "उत्तम. तुमची वेळ चुकेल हं. जहाज कोणासाठी थांबत नाही."

भोंगा झाला. आई उठली. त्याने दारापर्यंत पोचवलं, सगळ्या पाहुण्यांना पोचवतो तसं. हात मिळवला.

परतीच्या वाटेवर मी रडले. आई नाही. ती पट्टीची कड नखाने उचलत होती, परत दाबत होती.

२८ जुलै

आई दिवसभर झोपून. जेवली नाही. काळा पोशाख परत घातला.

३१ जुलै

"मुरांबा उरानियाने केलेला होता का गं? पाक छान जमला होता." बस्स. एवढंच बोलली.

६ ऑगस्ट

उरानियाचा फोन, दुकानात. अकरा वर्षांत पहिलाच. मी गिऱ्हाईक सोडून मागे गेले.

"मला भांडायचं नाहीये," म्हणाली, "पण तो जेवत नाही म्हणून सांगते. तुम्ही आलात तेव्हा त्याला वाटलं, आई आली. मग बघतो तर दोघींच्या छातीवर ती निळी टिकली. तो म्हणाला, 'इद्रा झालं, पोरोस झालं, आता पांदेलिस.' मला रोज विचारतो, मी कार्यक्रमात होतो का गं त्यांच्या? अहो, नामदिनाला तर शत्रूही येतो. आई यायची तर साध्या दिवशी यायची ना!"

चूक आम्हीच केली होती, अगदी विचार करकरून, सगळे कागद पसरून. आणि तरी मी ताडकन म्हटलं, "आणि त्याने 'आपण' म्हटलं ते?"

"तो घाबरला होता," उरानिया म्हणाली.

मी फोन आपटला. मग तिथेच खोक्यांवर बसून राहिले. ऑपरेशनचं सांगायचं तसंच राहिलं. परत लावायची हिंमत झाली नाही.

७ ऑगस्ट

आईला सांगून टाकलं. पट्टीचं, सगळंच. वाटलं, चिडेल. ती बराच वेळ गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीला पाणी घालत राहिली, इतकं की खालून ओरडा झाला.

"बरोबर आहे त्याचं," म्हणाली. "मी परतीचं तिकीट छातीवर लावून गेले."

२ सप्टेंबर

रक्त तपासून झालं. डॉक्टर खूश. आई फार शांत. मला भीती वाटते आहे. रोज एकच प्रार्थना — आधी ती जगो, मग त्या दोघांचं बघू. म्हटलं, आता तरी पांदेलिसला कळवते. "बरी होऊन घरी आले, की मग कळव," म्हणाली. वाद घालवेना. डॉक्टरही म्हणालेत, तिला त्रास होईल असं काही नको.

९ सप्टेंबर

उद्या दाखल करायचं. आईने बॅग स्वतः भरली. झोपायचे कपडे, सपाता, उशीचा अभ्रा. मी म्हटलं, चारच दिवस राहायचंय, एवढं कशाला? "असू दे," म्हणाली. मला जवळ ओढून कपाळावर मुका घेतला. लहानपणी घ्यायची तसा.

१० सप्टेंबर, मंगळवार

टॅक्सी आणायला कोपऱ्यावर गेले. परत आले तर आई नाही, बॅगही नाही. हॉस्पिटल, झाम्पेताबाई, चर्च — सगळीकडे शोधलं. दुपारी पांदेलिसचा फोन. "ताई, आई इथे आहे. साध्या बोटीने आली, एकटी. दारात उभी राहून म्हणते, परतीचं तिकीट काढलेलं नाही. नेफेलीची खोली दिली आहे तिला." रडत होता, हसत होता. "ताई, किती दिवसांसाठी आलीय ती?"

आज दाखल व्हायचं होतं, उद्या ऑपरेशन — हे त्याला अजून माहीत नाही. त्याला वाटतंय, आई राहायला आली आहे. आणि ती राहायलाच गेली आहे.