लाभ, दोन, तीन

२ फेब्रुवारी, सोमवार

मोतीबिंदू शिबिराचे मेसेज पायथनमध्ये प्रोग्राम लिहून पाठवाचं काम मीच मागून घेतलं. हौस! गावागावाची यादी, हरेकाले गाडीची वेळ. पाच मिनिटांत काम फत्ते. "पल्लवी, तू तं कमालच केली," बेबीताई म्हणे. शिबिराचं सगळं त्याच पाहतात, सहसा कोणाले चांगलं म्हणत नाहीत.

३ फेब्रुवारी

कायची कमाल! रिठदची नावं चौदा, मेसेज गेले तेरा. यादीतला पहिला माणूस शून्य नंबरवर असते अन् मी सुरुवात केली एकपासून. हरेक गावचा पहिला माणूस सुटला! शून्यावर काहून बसवतात माणसाले? डोकं फिरलं.

घरी बाबा तूर मोजून राह्यले होते. "लाभ... दोन... तीन..." पहिल्या टोपल्याले एक म्हणतच नाहीत. नंबर नाही, पण तूर तं हायेच ना त्यात! तवा कुठं समजलं.

४ फेब्रुवारी

मेसेज गेलेल्या गावांचा रिपोर्ट काढला. त्यातल्या हरेक गावच्या पहिल्या माणसाले फोन केला. घसा बसला. सुटली बाप्पा एकदाची.

७ फेब्रुवारी

शिबिर झालं. गाड्या वेळेवर.

९ फेब्रुवारी

पोहरादेवीकडच्या एका तांड्यावरून नानीबाई आली. एका डोळ्यानं दिसतच नाही, दुसरा बी चालला. "तीन दिवस फोन पदरात धरून बसली. वाजलाच नाही. मायं नाव खोडलं काय?" पुढचं शिबिर दिवाळीनंतर! बेबीताई म्हणे, "तांड्यावर नेटवर्क नसन." मी मुंडी हलवली. लिहाची बी लाज वाटते.

१० फेब्रुवारी

तोच प्रोग्राम पुन्हा चालवून पाह्यला. तांड्याच्या यादीत नाव एकच. एकपासून सुरू कर अन् जितकी नावं त्या आकड्याच्या, म्हणजे एकच्याच, आधी थांब — मधात उरलं काय? काहीच नाही. पायथनच्या भाषेत रिकामी रेंज, मोजाले आकडाच नाही. मले वाटे, लाल अक्षरात एरर येईन. कायचं येते! त्याच्या लेखी काम बरोबर झालं, शून्य वेळा. मेसेजच नाही म्हणून गाव रिपोर्टात बी नाही.

बेबीताईले सांगून टाकलं — नेटवर्क नाही, मीच चुकली. त्यायनं तिथंच चार फोन लावले. नानीबाईचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. "पण चूक कोणाची, ते त्या बाईले तूच सांग."

११ फेब्रुवारी

तांड्यावर जाऊन सांगतलं. नानीबाईनं चहा पाजला. मले रडू आलं.

१२ फेब्रुवारी

एकच नाव असलेली गावं काढली. अकरा निघाली. विचाराले नानीबाई एकटीच आली होती.