तू गप्प राहिलीस तेव्हा

नवीन पनवेल

प्रिय अम्मी,

सलाम. मी बरी आहे. रेडिओ-टेप दुरुस्ती केंद्रातली नोकरी कायम झाली. खोलीत रेडिओ खिडकीपाशी ठेवला तरच नीट लागतो, बाकी तक्रार नाही. धाकटी यूम्ना अभ्यास करते ना?

पुढचं अब्बांसमोर वाचू नकोस.

तू भरून पाठवलेली कॅसेट ऐकली. फोनवर बोलल्यासारखी तू प्रश्न विचारतेस आणि माझ्या उत्तरासाठी गप्प राहतेस. आपला टेपरेकॉर्डर, कोणी बोलत नसलं की, भरायचा आवाज आपोआप वाढवतो. मग खोलीतलं बारीकसारीकही कॅसेटवर येतं.

"अब्बा ठणठणीत आहेत, मासळी आणायला गेलेत," असं तू म्हणालीस. त्यानंतर तू थांबलीस, तिथे त्यांची धाप ऐकू येते. मग ते हळूच तुला म्हणतात, "तिला कळू देऊ नकोस, नूर. धावत येईल."

कॅसेटमध्ये दोष नाही. मी दुसऱ्या टेपवरही लावून पाहिली.

आडवं झाल्यावर त्यांना दम लागत असेल, तर माझी वाट पाहू नकोस. शेजारच्या शहजादभाईंच्या रिक्षातून लगेच दवाखान्यात ने. तसं नसेल तर शनिवारी मी नेते. त्यांना एवढंच सांग की टेप बिघडलाय, तो बघायला येतेय.

तुझी,
मुबीना