बाबांच्या गव्हात आणखी एक नाव

नाक्सोस, जून

प्रिय आईस, तुझ्या हातांचा मुका.

तुझं गाठोडं पोचलं. गहू दोन किलो, अक्रोड अर्धा, बेदाणे पाव. बोटीवरून उतरवायला वीस द्राख्मा पडले. बेदाणे निम्मेच वापरले, बाकीचे सणाला ठेवलेत.

मी बरी आहे. भाड्याच्या खोल्या भरल्यात. बारा वर्षं दर उन्हाळ्यात बायकोसह आमच्याकडे उतरणारे स्वीडनचे होल्गर आले. रिवाजाप्रमाणे मी दोन बश्या चेरीचा मुरांबा आणि दोन पेले पाणी घेऊन दारात गेले. ते म्हणाले, "एकच बशी, एव्दोकिया. बिर्गिट फेब्रुवारीत गेली."

शनिवारी मृतांच्या प्रार्थनेला, त्यांच्या नावानं वाटायचे गहू बेदाणे-अक्रोड घालून शिजवले आणि चर्चमध्ये नेले. पाद्रीबाबांनी वाचायच्या मृतांच्या यादीत बाबांच्या खाली बिर्गिटचं नाव लिहिलं.

पाद्रीबाबा म्हणाले, "अगं, ही आपल्या पंथाची नाही!"

"बारा उन्हाळे माझं अंगण झाडलंय तिनं. तुमच्या पंथातली एक तरी झाडते का?"

"तुझ्यापुढे सैतानही हात टेकेल," असं पुटपुटत त्यांनी नाव मोठ्यानं वाचलं. होल्गर मागे उभे होते. सगळ्या प्रार्थनेतला तेवढा एकच शब्द त्यांना कळला, आणि त्यांनी टोपी छातीशी धरली.

आई, गहू तू बाबांसाठी पाठवले होतेस. तुला न विचारता मी त्यात वाटेकरी केला. पण बाबा तरी कधी पाहुण्यावाचून जेवले?

गुडघा कसा आहे? रागावली असलीस तरी उलट टपाली लिही.

तुझी एव्दोकिया