तुम्हीच सांगितलंत

सोमवार, ३ तारीख
नव्या नोकरीचा पहिला दिवस. ऑफिस झकास, खिडकीतून नदी दिसते, चहा मात्र पांचट. इथं टेबलांवर नुसते स्क्रीन आणि कीबोर्ड. प्रत्येकाचा खरा संगणक तळमजल्यावरच्या सर्व्हरमध्ये नांदतो. व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात त्याला. तो चालता ठेवणं माझं काम. हाताखाली एकच सहकारी, ताडमाड उंच. सगळे त्याला लंबू म्हणतात. घर लावून झालं की बायको आणि आमची लेक चिमणी येतील. चिमणीनं फोनवर बजावलंय, खिडकीजवळचा पलंग तिचा.

बुधवार, ५
हिशेब विभाग अंगावरच आला. आदल्या दिवशी बंद केलेल्या फायली सकाळी उघड्या असतात म्हणे, माउसचा बाण आपोआप फिरतो. दिवसभर डोकेफोड केली. शेवटी बदलांची नोंद काढली. कुणी, केव्हा, काय बदललं ते सर्व्हर टिपून ठेवतो. लंबूनं परवानग्या बदलल्या होत्या. त्या सगळ्यांचे डेस्कटॉप माझ्या लॉगिन-खात्याला खुले! त्याला फैलावर घेतलं, तर तोच चकित. म्हणाला, सर, तुम्हीच तर फोन करून सांगितलंत.

गुरुवार, ६
मी कशाला करू फोन? त्या वेळी मी आमच्या विभागप्रमुख मॅडमसमोर मीटिंगला बसलो होतो. लंबू शपथा घेतो, तुमचा आवाज मला कळत नाही का म्हणतो. चोराच्या उलट्या बोंबा! बदल मागे घेतला. दुपारी पुन्हा तसाच. आता मॅडमच्या मंजुरीशिवाय कुणीही कशालाही हात लावायचा नाही.

सोमवार, १०
आजचा बदल खुद्द मॅडमनी केला. वर मलाच झापलं. आधी हात लावू नका म्हणता, मग फोनवर घाई करता. मी सांगितलं, मी लंबूबरोबर जेवत होतो. लंबूनंही मान डोलावली. मॅडम हळूच म्हणाल्या, अहो, तुम्ही माझ्या पाठदुखीचीही चौकशी केलीत.

मंगळवार
माझं खातंच बंद करून टाकलं. उपयोग शून्य, कुणीतरी सांगितलं म्हणून कुणीतरी ते पुन्हा सुरू केलं. दुपारी लंबूचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, पांढराफटक पडला, रिसीव्हर माझ्या कानाला लावला.
माझा आवाज. मध्येच खाकरण्याची सवयसुद्धा माझी.

गुरुवार
ताजा बदल सापडला. डेस्कटॉप माझाच. कुणीतरी माझी मेल उघडलीय. त्यात बायको आणि चिमणीचं आजच्या बसचं तिकीट —

बस स्थानक. बस आली. त्या नाहीत. ड्रायव्हर म्हणाला, मायलेकी आधीच्या थांब्यावर उतरल्या. नवऱ्याचा फोन आला होता म्हणे.

टॅक्सीत. बायकोला फोन लागला. ती चिडलेली. कोण बोलतंय, माझा नवरा माझ्यासमोर उभा आहे. मी ओरडलो, अगं, मीच — तिनं ठेवला.

पुलावर गाडी अडकली. पुन्हा लावतोय. वाजतंय —

चिमणीनं उचलला. पण बोलतेय बाजूला कुणाशी तरी. म्हणतेय, बाबा, हे काका बघा ना, अगदी तुमच्यासारखं —